मुखरूभाऊंचा विषय क्रमांक एक

मुखरूभाऊ,

स्मरणिकेसाठी तुमच्यावर दोन पानं लिहून द्या, असं मंडळानं मला सांगितलं. नमुना म्हणून मागच्या स्मरणिकेतला दुसऱ्याच कोणावरचा लेखही दिला. त्यात 'हसतमुख', 'मनमिळाऊ', 'आधारवड' असे शब्द होते. नाव बदलायचं आणि छापायचं, एवढंच काम. मी दोनदा लिहायला बसले आणि दोनदा कागद फाडला. तुम्ही हसतमुख कुठले हो? वर्षातून एकदा हसायचे, तेही कोणी चिखलात घसरून पडलं तर. मनमिळाऊ म्हणावं तर मंडळातल्या निम्म्या लोकांची नावं तुम्हाला शेवटपर्यंत आली नाहीत. पुरुष सगळे साहेब आणि बाया सगळ्या बाई. आधारवडाचं तर जाऊच द्या.

म्हणून हे स्मरणिकेसाठी नाही. हे मी तुम्हाला लिहून राह्यले. मी बोलताना मले-तुले बोलते आणि कागदावर आलं की मला-तुला लिहिते, याचं तुम्हाला भारी नवल. "बाई, तुमच्या पेनाची माय वेगळी हाय का?" असं तुम्ही एकदा भर बैठकीत विचारलं होतं. सगळे हसले, मीही हसले.

यंदाचा मेळावा होऊन चार दिवस झाले. तुम्ही गेलात त्याला दीड महिना. तुम्ही कसे गेले, किती दिवस ताप होता, ते लिहीत नाही. ते तुमच्या घरच्या कौशल्याबाईनं मला चुलीपाशी बसवून सगळं सांगितलं, आणि ते तिचं आहे. मला बातमी मिळाली ती तिसऱ्या दिवशी. ब्रह्मपुरीच्या स्टॅंडवर तुमच्या गावचा जीपवाला भेटला आणि सवारी भरता भरता म्हणाला, "मुखरूबुढा गेला ना, बाई." मी हातातली भाजीची पिशवी घेऊन तशीच उभी. घरी जाऊन सांगावं असं कोणी नव्हतं. कॉलेजच्या ग्रंथालयात, कामावर, सांगितलं असतं तर विचारलं असतं, तुमचे कोण? काय सांगणार होते? मी संध्याकाळी वांग्याची भाजी केली आणि जेवले नाही.

आपली ओळख कशी झाली ते आठवते का? मंडळ चंद्रपूरचं. रान हिंडायची हौस असलेली माणसं, कोणी राजुऱ्याचे मास्तर, कोणी घुग्घुसचे खाणीतले, आणि मी ब्रह्मपुरीची, रजिस्टर नीट लिहिते म्हणून चिटणीस केलेली. वर्षभर आपापल्या गावी, आणि पौषात तीन दिवस सगळ्यांचा मेळावा. त्या वर्षी जागा शोधत शोधत आम्ही तुमच्या गावी आलो. भला मोठा तलाव, बांधाच्या, म्हणजे पारीच्या, खाली चार खोल्यांची शाळा, आणखी काय पाहिजे? तेव्हापासून मेळावा तिथंच. सरपंचानं तुम्हाला पुढं केलं. "हा ढिवर हाय, मासे धरते. तलाव याच्या हातावरला." तुम्ही आमच्याकडं न बघता पाण्याकडं बघत उभे होते. अध्यक्षसाहेबांनी विचारलं, तलावात किती जातीचे पक्षी येतात? तुम्ही म्हणाले, "मोजले नाई. येतेत अन् जातेत."

तुम्हाला आमच्या कार्यशाळांचं फार हसू यायचं, हे मला नंतर कळलं. राजुऱ्याचे गुरुजी दोरीच्या चौदा गाठी शिकवायचे आणि पंधराव्या मिनिटाला स्वतःचीच गाठ त्यांना सुटायची नाही. तुम्ही दारातून येऊन एका बोटानं सोडून द्यायचे आणि परत दारात. दुसरी कार्यशाळा पाऊलठशांची. पत्र्याचं कडं ठेवायचं, त्यात प्लास्टर ओतायचं, वाळलं की उचलायचं. पहिल्या वर्षी पारीवरचा एक ठसा असा उचलला, धुतला, 'बिबट, मादी' अशी चिठ्ठी लावून टेबलावर मांडला. तुम्ही तो हातात घेऊन उलटापालटा केला. "हा तं आमचा मोत्या होय." ते तुमचं त्या वर्षीचं हसणं.

आणि मग तुमची कार्यशाळा. तुमचा डोंगा. बापानं एका बुंध्यातून कोरलेला, तुम्ही दर उन्हाळ्यात पालथा घालून त्याला तेल पाजायचे. त्यात तीन माणसं आणि मागं बांबू घेऊन तुम्ही. नियम दोनच. डोंगा पाण्यात आहे तोवर उठायचं नाही आणि बोलायचं नाही. काठाला आल्यावर तुम्ही एकेकाला विचारायचे, "काय ऐकलं?" लोक चकित व्हायचे. त्यांनी काय पाहिलं ते तोंडपाठ करून ठेवलेलं असायचं, आणि तुम्ही ऐकलं काय ते विचारायचे.

कार्यक्रमपत्रिका मी सायक्लोस्टाइल करायचे. प्रत्येक कार्यशाळेपुढं उद्देश लिहावा लागे. तुम्हाला विचारलं, भाऊ, उद्देश काय लिहू? तुम्ही विचार करून म्हणाले, "लिवा, गप बसणं." मी लिहिलं, 'जलपरिसंस्थेचा परिचय'. तुम्हाला वाचून दाखवलं तर म्हणाले, "हे कोण बोललं?" मी म्हटलं, तुम्हीच, फक्त नीट करून लिहिलं. वेळेच्या रकान्यात सगळ्यांपुढं तास होते, तुमच्यापुढं 'वेळ उरल्यास'. तेही मीच लिहिलं होतं. तेव्हापासूनच मला तुमचं बोलणं नीट करून लिहायची खोड होती, हे आता दिसून राह्यलं.

आता त्या दिवसाचं लिहिते. लिहायचं तेच आहे, बाकी सगळी टाळाटाळ चाललीय.

तिसरं वर्ष होतं. सकाळी आठाचा सुमार, धुकं नुकतंच उठलेलं. डोंग्यात आपण तिघंच. पुढं अध्यक्षसाहेब नवा कॅमेरा गळ्यात घालून, मधात मी, मागं तुम्ही. बसतानाच तुम्ही सांगितलं, "साहेब, उठजा नोका." साहेब हो म्हणाले. कमळांच्या पलीकडं अडई बदकांचा थवा बसला होता. आपण जवळ गेलो, थवा उडाला, आणि साहेबांनी कॅमेरा डोळ्याला लावला. तुम्ही मागून हळूच म्हणाले, "साहेब, बसा." स्वतःचा नियम मोडून बोलले. साहेब उठून उभे राहिले. मी त्यांच्या मागंच होते. त्यांच्या विजारीचं टोक माझ्या हाताला लागलं आणि धरावं की धरू नये असा विचार करेपर्यंत आपण पाण्यात होतो.

पाणी छातीइतकंच. पण कमळाच्या देठात पाय अडकले, माझ्या नाकातोंडात पाणी गेलं. तुम्ही एका हाताला मला आणि एका हाताला साहेबांना धरून काठाला आणलं. कॅमेरा गेला, साहेबांची एक चप्पल गेली. पारीवरच्या लोकांनी मागं वळून पाहिलं तेव्हा त्यांना दिसला तो फक्त पालथा डोंगा. कौशल्याबाईनं आपल्या अंगावरची चादर काढून मला गुंडाळलं.

दुपारी शाळेत कार्यकारिणीची बैठक. आम्ही सतरंजीवर, साहेब खुर्चीवर, तुम्ही, गावचे प्रतिनिधी म्हणून बोलावलेले, नेहमीप्रमाणे उंबऱ्याशी. साहेबांनीच ठराव सांगितला. डोंगा जुना, तळाशी कुजलेला, नादुरुस्त. सबब तलावावरची कार्यशाळा यापुढं बंद. तुम्ही उठले. "डोंगा कुजला नाई. साहेब उभे राह्यले. बाई होत्या संग. बाईले विचारा."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझे केस अजून ओले होते. मी म्हटलं, "सगळं एकदम झालं. मला नीट दिसलं नाही."

तुम्ही माझ्यावरची नजर काढून रजिस्टराकडं नेली, भाऊ. मग म्हणाले, "बरं. तं मंग हे लिवा. मले मान्य नाई. मुखरूले मान्य नाई, असं लिवा." मी हो म्हणून मान हलवली. चार वाजताची बस होती, लोक बिस्तरे बांधायला उठले होते. मी रजिस्टरात लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर'.

काऊन लिहिलं असं, हे मला तुम्ही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या वेळी खोटंच सांगितलं असतं, सवय म्हणून. आणि सवय होतीच. ठरावाच्या शेवटी ते दोन शब्द माझ्या हातून आपोआप उतरायचे. पण त्या दिवशी ते आपोआप उतरले नाहीत. मी पेन थांबवून, विचार करून लिहिले. मला मंडळात आणलं साहेबांनी, चिटणीस केलं साहेबांनी. आई गेल्यावर त्या ब्रह्मपुरीच्या दोन खोल्यांत मी एकटी. सणवाराला बोलावणारं कोणी नाही. वर्षाचे हे तीन दिवस सोडले तर माझ्या नावानं हाक मारणारं माणूस मला भेटत नसे. साहेबांच्या विरोधात एक ओळ लिहिली असती तर हे तीन दिवस गेले असते, असं मला वाटलं. एवढंच कारण. मोठं काही नाही. माझ्या एकटेपणापायी मी तुम्हाला एकटं पाडलं.

पुढच्या मेळाव्याला विषय क्रमांक एक, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. मी वाचलं. 'सर्वानुमते' आलं तसे तुम्ही उंबऱ्यावरून उठले. "बाई, हे कायम नका करू. म्या नाई म्हणलं होतं." साहेब म्हणाले, "मुखरू, झालं गेलं. पुढचा विषय." तुम्ही बसले नाही. विषय संपेपर्यंत हात मागं बांधून उभे राहिले, दुसरा विषय निघाल्यावर बसले. मी लिहिलं, 'इतिवृत्त सर्वानुमते कायम'. दुसऱ्यांदा.

त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही काही बोललेही नाही. मी विषय क्रमांक एक म्हटलं की उठायचे, वाचून झालं की बसायचे. तुमचा विरोध तो तेवढा. तो कोणाला कळला? एका मलाच. बाकीच्यांना वाटलं, माणूस गावंढळ आहे पण कागदाला मान देतो. आणि मग जे झालं ते आपल्याच मंडळात होऊ जाणे. नवीन सदस्य आले, त्यांनी तुम्हाला, 'स्थानिक प्रतिनिधी'ला, उठून उभं राहिलेलं पाहिलं आणि त्यांना वाटलं इथली हीच पद्धत. एका वर्षी दोघं उठले. पुढच्या वर्षी गुरुजी उठले, म्हणून त्यांच्या ओळीतले सगळे उठले. ठरावानंतर पाचव्या वर्षी साहेबांनीच सांगितलं, "इतिवृत्तासाठी आपण उभं राहू या, ही आपल्या मंडळाची शिस्त आहे." अख्खी सभा उभी. हातात रजिस्टर घेऊन मीही उभी.

त्या वर्षी तुम्ही बसून राहिले.

एक जण म्हणाला, भाऊंचे गुडघे गेले. दुसऱ्यानं धावत जाऊन वर्गातली खुर्ची आणली, तिसऱ्यानं सगळ्यात आधी चहा आणून दिला. तुम्ही खुर्चीकडं पाहिलं, चहा घेतला, उंबऱ्यावरच बसून राहिले. पारीवर मी गाठलं तुम्हाला. "भाऊ, आज काऊन नाई उठले?" तुम्ही म्हणाले, "सारेच उठले तं म्या उठून काय कामाचं? म्हणून बसलो." मी म्हटलं, लोकांना गुडघे वाटले. "लोकायले वाटू द्या. तुमाले काय वाटलं?" मी म्हटलं, चला, जेवणं व्हायची आहेत. लाखोरीची डाळ होती त्या दिवशी, तुम्हाला आवडायची. तुम्ही आले नाहीत.

बोलायला आपल्याला जागा नव्हती असं नाही. कार्यशाळा बंद झाली, तरी दर मेळाव्याच्या शेवटच्या सकाळी, लोक सतरंज्या झटकत असताना तुम्ही शाळेच्या कुडापाशी येऊन खोकायचे. मी चप्पल हातात घेऊन निघायचे. पत्रिकेत नसलेली कार्यशाळा, एकाच माणसासाठी. तुम्ही मला त्याच डोंग्यात बसवायचे आणि कमळांच्या पलीकडं न्यायचे. मी दर वेळी बुडाला हात लावून बघायचे. खडखडीत, दगडासारखा टणक. तुम्हाला कळायचं मी काय करते ते. तुम्ही काही म्हणायचे नाही. डोंग्यात बोलायचं नाही हा तुमचाच नियम, आणि मी सगळी वर्षं त्या नियमाच्या आड लपून बसले.

काठाला आलो की तुम्ही विचारायचे, "काय ऐकलं?" मी सांगायचे. अडई. पाणकोंबडी. मरळ उसळली ती. पलीकडच्या काठाला धुणं. तुम्ही डोंग्याची दोरी हातात घेऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "आणखी?"

मी म्हणायचे, बस, एवढंच.

तुम्ही दोरी बांधायचे. हळू बांधायचे, मला वेळ मिळावा म्हणून. हे आता कळून काय उपयोग? एकदाच, फक्त एकदा तुम्ही पुढं बोलले. "बाई, तुमाले नाई म्हणनं जमत नाई. शिका. डोंग्यात बसण्यापरीस सोपं हाय." मला राग आला होता. कोण समजता स्वतःला, असं मनात म्हणत मी बसमध्ये बसले आणि ब्रह्मपुरी येईपर्यंत तुमच्याशी मनातल्या मनात भांडले. तुम्ही काय म्हणाल तेही मीच म्हणायचे. तसं भांडण माझं अजून चालू आहे, स्वयंपाक करताना, पुस्तकांना नंबर घालताना. तुमची बाजू मी चांगली मांडते, भाऊ. तुमच्या समोर मांडायची तेवढी राहिली.

यंदाच्या मेळाव्यात टेबलावर तुमचा फोटो होता. तुमचा एकट्याचा फोटो निघाला नाही, म्हणून सगळ्यांच्या फोटोतून मोठा करून आणला. गुरुजींचा हात तुमच्या खांद्यावर होता, तो कापता आला नाही. त्यामुळं हाराच्या खाली एक परका हात दिसत होता. कौशल्याबाई पुढच्या ओळीत बसलेली, मांडीवर शाल आणि नारळ. चौघांच्या हातात यंदा मोबाइल होते आणि रेंजसाठी ते पारीवर चढून आले होते. साहेब आता थकले. हात थरथरतो. मला पाहून म्हणाले, "बाई, तुम्ही आहात म्हणून मंडळ आहे." ते मला नेहमीच प्रेमानं वागवत आले. ते वाईट माणूस असते तर मला सोपं गेलं असतं.

शोकप्रस्ताव त्यांनीच लिहिला होता, वाचायचा मी. उभी राहून वाचू लागले. 'मंडळाच्या प्रत्येक निर्णयाला मुखरूभाऊंची मनापासून साथ होती. इतिवृत्तासाठी उभं राहण्याची सुंदर प्रथा त्यांनीच मंडळाला दिली. ती त्यांच्या नावानं कायम चालू ठेवावी.' साहेब म्हणाले, "चला, उभे राहून सर्वानुमते मंजूर करू या." सभा उठली. कौशल्याबाईलाही कोणी हाताला धरून उठवलं.

मी बसले. टेबलापाशी नाही. रजिस्टर घेऊन दारात गेले आणि उंबऱ्यावर बसले. लोकांनी वळून पाहिलं. गुरुजी म्हणाले, "बाईंना पाणी द्या, भोवळ आली." एक पोरगी खरंच पाणी घेऊन आली. तेव्हा मला कळलं की नुसतं बसून भागत नाही. तुम्ही चार वर्षं उभे राहिले, त्याची प्रथा झाली. नंतर चार वर्षं बसले, त्याचे गुडघे झाले. आता मी बसून राहिले असते तर माझी भोवळ झाली असती.

म्हणून बोलले. "मले मान्य नाई," म्हटलं. "मुखरूभाऊंची साथ नव्हती. डोंगा कुजलेला नव्हता. साहेब उभे राहिले म्हणून उलटला. मी त्यांच्या मागं बसले होते, मला दिसलं. भाऊंनी मान्य नाई म्हटलं, लिहा म्हटलं. मी लिहिलं नाही."

साहेबांनी टेबल धरलं. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "मी उभा राहिलो होतो?" नाटक नव्हतं ते, भाऊ. त्यांचा चेहरा मी पाहिला. "मला तर डोंगा कुजलेलाच आठवतो. रजिस्टरात तसंच आहे ना?"

मी म्हटलं, "रजिस्टर मीच लिहिलं, साहेब."

मग उंबऱ्यावर बसूनच मी ते मांडीवर उघडलं आणि शोकप्रस्तावाखाली लिहिलं. या वेळी नीट करून नाही, बोलले तसं. 'मुखरूभाऊ म्हणाले होते, मले मान्य नाई.' त्याखाली माझं नाव. साहेबांनी सही केली नाही, नाही म्हणालेही नाहीत. हात थरथरतो म्हणाले. पुढचा विषय निघाला, मग चहा निघाला. लोक माझ्या बाजूनं, पाय वाचवून, दाराबाहेर जाऊ लागले. तीन दिवस नावानं हाक मारणारी माणसं ती. एकानंही मारली नाही.

कौशल्याबाई शेवटी आली. शाल तशीच घडी घातलेली, हातात. माझ्याजवळ खाली टेकली. मला वाटलं बरं म्हणेल काही. ती म्हणाली, "गावात ह्यायले कुजका म्हणत, मालूम हाय का तुमाले? पोरंसोरं म्हणत. कुजका डोंगा आला, कुजका डोंगा गेला." मला माहीत नव्हतं. तुम्ही सांगितलं नाही. "म्या म्हणो, जाता कायले त्या मेळाव्याले, कोन इचारते तुमाले तिथी. तं थे म्हणत, बाई लिवतीन. आज ना उद्या लिवतीन. म्या गेलो नाई तं इसरतीन."

मग ती उठून गेली. तिच्या घरी म्हशीच्या पाण्याची वेळ झाली होती.

शेवटच्या सकाळी मी आपणच चप्पल हातात घेऊन पारीवर गेले. कुडापाशी कोणी खोकलं नव्हतं. डोंगा काठावर पालथा पडलेला, येत्या उन्हाळ्यात त्याला तेल पाजणारं कोणी नाही. मला तो सुलटा करताही येत नाही, पाण्यात नेणं तर दूर. मी त्याच्या पाठीवर बसले. अडई होत्या. पाणकोंबडी होती. धुणं नव्हतं त्या दिवशी. बस सुटायच्या आधी मला उठावं लागलं, आणि उठताना सवयीनं थांबले, तुमच्या 'आणखी?'साठी.

आणखी हेच होतं, भाऊ. दर वर्षी हेच होतं.